खाच

मोतीबागेच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
बाबा वायरमन होते.
शनिवारी रात्री काम एवढंच:
फ्यूज उडू द्यायचा नाही,
आणि उडालाच,
तर थेल्मा फँथोम गात असताना नाही.

फ्यूजपेटीजवळ स्टूल टाकून
त्यांनी ती सगळी गाणी ऐकली.
सातासमुद्रापलीकडची,
कुठल्यातरी नाटकासाठी लिहिलेली;
नाटक पडलं, गाणं तेवढं वाचलं,
असं पियानोवाला सांगायचा.
त्यातलं एक, चंद्र उशिरा उगवल्याचं,
दहा बायांनी दहा तव्यांवर गायलेलं.

"काहून वो मिस," बाबांनी एकदा विचारलंच,
"गानं एक, गानाऱ्या दहा,
तं मंग चोर कोन?"
तिनं म्हणे भिंतीवरच्या वायरकडे बोट दाखवलं:
"गजघाटे, ये करंट किसका है?"

इंदोऱ्यापर्यंत बाबा सायकल हातात धरून आले.
आईला उठवलं.
"करंट कोनाचाच नसते.
बल्ब ज्याचा त्याचा."
आई म्हणाली, झोपा आता.

थेल्मा तालाच्या जरा मागून यायची.
आधी वाटलं, चुकते.
मग एका शनिवारी त्यांना
छिंदवाड्याची छोटी गाडी आठवली.
"लेट नाही ते," म्हणाले,
"ठेसन कुठं हाय, ठाऊक हाय तिले."

एकसष्ट साली ती कलकत्त्याला जाऊन
तेच गाणं भरून आली.
कंपनीनं बाजारात काढलं नाही.
नमुन्याचे दोन तवे, कोरं लेबल,
त्यावर पेन्सिलीनं नाव, तेही अर्धं पुसलेलं.
एक तिच्यासोबत बोटीनं गेला.
दुसरा आमच्याकडे,
पंख्याच्या वायरिंगचे बावीस रुपये
राहिले होते, त्यापोटी.

पहिल्याच मे महिन्यात तवा वाकला.
आईनं तो पाटावर निजवला,
वर ज्वारीचा डबा.
आठ दिवसांनी सरळ झाला, पण
दुसऱ्या कडव्यात एक खाच पडून राहिली.
सुई तिथं येते
आणि नालीवरून उडी मारावी तशी
पलीकडे पडते.

गाणं असंच असतं, आम्हाला वाटायचं.
यशोधरा भांडी घासताना गुणगुणायची
तर त्या जागी उचकी लागल्यासारखी तुटायची,
बरोब्बर.
माझी नातही तिथंच तुटते.
तिनं तवा पाहिलेला नाही.

परवा मुलानं फोनवर लावून दिलं ते गाणं.
चार बाया, एकीमागून एक.
पहिली, दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तशी.
दुसरी इतवारीत भाव करायला निघालेली.
तिसरी इतकी हळू, की मी पंख्याकडे पाहिलं,
व्होल्टेज गेलं की काय.
चौथीचं आता आठवत नाही.

मी खाचेची वाट पाहत होतो.
खाच आलीच नाही.
त्या जागी एक शब्द होता, लहानसा,
'तरीही'च्या जवळपासचा.
एकीनं तो गिळला.
एकीनं दारापर्यंत ओढत नेला, सोडला नाही.
साठ वर्षं तो शब्द
आमच्या घरातून गाळला जात होता.

थेल्मानं काय केलं असेल त्याचं?
तव्यावर आहे तो, कुठं जाणार.
भिंगातून पाहिलं:
काळ्यावर काळी रेघ,
मध्ये एक टवका.

यशोधराला भंडाऱ्याला फोन लावला.
शब्द सापडला म्हणालो.
कुकरची शिट्टी झाली तिच्याकडे, मग दुसरी.
"नोको सांगू," म्हणाली,
"आपलं बराबर हाय."
आणि गुणगुणली, दुसरं कडवं,
त्या जागी तुटली,
आणि या वेळी पलीकडे
जरा उशिरा आली.

तवा पुन्हा पाटावर ठेवला.
ज्वारी आता कोणी आणत नाही,
डबा रिकामाच होता.
त्यात बाबांचे जुने होल्डर, पक्कड भरली,
वजन पुरेसं झालं.